बेवारस एकेचाळीस मिनिटं

जे एकदा या केंद्रात आलं, त्याचा घास काळालाही घेता येणार नाही, असं कणकवलीच्या लोकवारसा संगणक केंद्राच्या दारावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं. पाटीचा खालचा उजवा कोपरा तुटून पडला होता. तो कुठे गेला, हे केंद्रात कुणालाच सांगता येत नव्हतं.

आनंदीबाई गावकरांनी ही पाटी महिन्याभरात तिसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यांनी नमस्कार केला होता. दुसऱ्यांदा नुसतंच वाचलं. आज शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

"शिरा पडो ह्येंच्या तोंडार," त्या म्हणाल्या. "चल रे देवेश. आज मी हयसून रिकाम्या हातान जाऊचंय नाय."

"आये, जरा हळू. ऑफिस आसा."

"ऑफिस आसा म्हणानच ओरडतंय. घरात कोण आसा ओरडूक? तुझो बापूस गेलो."

बाबली गावकर गेले ते गेल्या श्रावणात. तारकोंडच्या जत्रेत देवळासमोर उभं राहून गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. हे गाऱ्हाणं एकेचाळीस मिनिटांचं. त्यात सात देवस्थानं, चौदा राखणदार देवचार, चार सीमा आणि नऊ वाड्या ठरलेल्या क्रमानं घ्यायच्या. क्रम चुकला, की ज्यांचं नाव मागे पडलं ते लोक देवाच्या साक्षीनं दुसऱ्यांची डोकी फोडायला मोकळे. हे सगळं लिहून ठेवायची पद्धत नाही, कारण लिहिलं की त्यातला गुण उतरतो. तेव्हा ते फक्त बाबलींच्या डोक्यात होतं, आणि गेल्या चार वर्षांपासून या केंद्रात.

केंद्राचे लोक कॅमेरा घेऊन आले तेव्हा बाबलींनी आधी देवाला कौल लावला होता. पाषाणाला चिकटवलेल्या कळ्यांपैकी उजवीकडची पडली, म्हणजे देवाची हरकत नव्हती. आनंदीबाईंची होती, पण त्यांना कौल लावायची पद्धत नाही. न कळवता सात माणसं आली होती. बाबली बाहेर खळ्यात फणसाखाली उभे राहून देवाला साद घालत होते, वाडी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत होती, आणि आनंदीबाई आत चुलीपाशी सात माणसांचे घावणे काढत होत्या. तव्याच्या चर्र आवाजात गाऱ्हाण्याचा एक शब्द त्यांच्या कानावर पडला नाही. शेवटाकडे म्हणे बाबलींचा आवाज असा काही कापला, की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. देव अंगात आला होता, असं जो तो अजून सांगायचा.

त्यानंतर बाबली निवांत झाले. "देवेशाक शिकवा," असं आनंदीबाईंनी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "केंद्रात आसा मां. घाई कसली?"

आता घाई होती. जत्रा रविवारी. देवेश कुडाळच्या कारखान्यात सुपरवायझर, वय छत्तीस, गाऱ्हाण्यातला पहिला आणि शेवटचा शब्द तेवढा पाठ. मधल्या एकेचाळीस मिनिटांचा पत्ता नाही. मात्र बापाच्या त्या कापऱ्या आवाजाचा सराव त्यानं दोन महिने केला होता. त्याची बायको दिव्या शेजाऱ्यांना सांगे, की ह्यांचा घसा बसलाय. वरच्या वाडीच्या धोंडू परबानं कालच निरोप धाडला होता: "जमत नसल्यास सांगा, माझा तयार आसा." धोंडूच्या गाऱ्हाण्यात वरची वाडी पहिली येत होती. मधे आणि शेवटी पुन्हा येत होती.

तर अशा शुक्रवारी, दुपारी पावणेतीन वाजता, आनंदीबाई केंद्रातल्या एकुलत्या एका ओळखीच्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सर्वेश तारकोंडचाच. संगणकावर माहिती भरायचं काम त्याच्याकडे.

"काकी, बसा मां. पाणी?"

"पाणी तुझ्या म्हशीक दी. माझो घो खंय आसा ता सांग."

"काकी, नोंद आसा. ही बघा." सर्वेशनं पडदा त्यांच्याकडे वळवला. नाव बाबली गावकर, गाव तारकोंड, लांबी एकेचाळीस मिनिटं सोळा सेकंद, दर्जा उत्तम.

"ह्यां मी पयल्या वक्ताक बघितलंय. चालू कर म्हटल्यार काय झाला ता याद आसा?"

सर्वेशला आठवत होतं. चालू केल्यावर संचालकसाहेबांचं उद्घाटनाचं भाषण सुरू झालं होतं. आनंदीबाईंनी ते बावीस मिनिटं हात जोडून ऐकलं. जत्रेत आधी पुढाऱ्यांची भाषणं होतात आणि मग खरं काम सुरू होतं, तसंच इथे असेल असा त्यांचा समज. भाषण संपलं, आभार झाले, राष्ट्रगीत झालं आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या खेपेला सिस्टीम बंद होती.

"आज चालू आसा," सर्वेश हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाला. त्यानं बटण दाबलं. संचालकसाहेबांनी गळा साफ केला आणि म्हणाले, "उपस्थित बंधूभगिनींनो."

"बंद कर त्या मेल्याक!"

आवाज एवढा होता, की पलीकडच्या काचेच्या खोलीतून एक मुलगी बाहेर आली. अक्षया शिरोड्याची. डेटाबेस सांभाळायला दोन महिन्यांपूर्वी लागलेली आणि केंद्रात खरोखर काहीतरी येत असलेली एकमेव व्यक्ती, त्यामुळे तिला कुठल्याही बैठकीला बोलवत नसत.

"काय झालं, काकी?"

आनंदीबाईंनी काय झालं ते सांगितलं. त्यात सर्वेशच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा इतिहास आला. अक्षयानं सगळं ऐकून घेतलं, सर्वेशची खुर्ची ओढली आणि टकटक सुरू केली.

"काकी, तुमच्या घरी सगळ्या वस्तू फडताळात ठेवता?"

"फडताळात हळदीचो डबो ऱ्हवता. भाताची कणगी कशी ऱ्हवतली?"

"ती कुठे ठेवता?"

"मांगरात," आनंदीबाईंनी शेतमालाच्या खोपटाचं नाव घेतलं.

"इथेही तसंच आहे. नाव, गाव, तारीख ही बारीकसारीक माहिती फडताळात. तुमची चित्रफीत केवढी तरी मोठी. ती फडताळात घातली, तर साधं नाव शोधायलासुद्धा सगळं बाजूला सारावं लागेल. म्हणून डेटाबेस ती उचलून मांगरात टाकतो. तीही अखंड नाही. इसवण मासा कापतात तसे छोटे छोटे तुकडे, प्रत्येकाला क्रमांक. तुमच्या काकांचे साधारण तीन लाख तुकडे झाले असतील."

"आये, तसा नाय," देवेश घाईनं म्हणाला, कारण आनंदीबाईंचा चेहरा बदलला होता.

"आणि फडताळात फक्त एक चिठ्ठी ठेवायची," अक्षया म्हणाली, "की मांगरात अमुक नंबरला जा. चालू करा म्हटलं, की चिठ्ठी वाचून तुकडे क्रमानं आणले जातात. क्रम चुकत नाही."

"क्रम चुकना नाय," आनंदीबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांना या यंत्रात काहीतरी बरं दिसलं. "मगे चिठ्ठी वाचून ह्यां भाषण कित्या येता?"

अक्षया पडद्याकडे बघत राहिली. मग सर्वेशकडे बघत राहिली.

"कारण चिठ्ठी बदललेली आहे. चार वर्षांपूर्वी, उद्घाटनाच्या दिवशी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. बदलणाऱ्याचं नाव सर्वेश."

सर्वेश पंख्याकडे बघू लागला.

"साहेब बोलले, भाषण ताबडतोब चढव," तो म्हणाला. "माका नवी नोंद करूक येय नाय होती तेव्हा. वरची नोंद उघडलंय आणि तेच्यात घातलंय."

"संगणकानं विचारलं नाही?" अक्षयानं विचारलं. "आधीचं आहे, ते बदलायचं का, असं विचारतो तो. तीन वेळा विचारतो."

"विचारल्यान."

"मग?"

सर्वेश खाली बघत म्हणाला, "मी होय दाबलंय."

"तीनव वक्ताक?" आनंदीबाईंनी विचारलं.

"सवय गो. काकी, तुमका ठावक आसा. बाबलीआबांच्या गाऱ्हाण्याक मी ल्हानपणापासून पुढच्या रांगेत. कोणी गंभीर आवाजात लांबलचक काय विचारल्यान, की माका दुसरा सुचणाच नाय. व्हय म्हाराजा."

आनंदीबाई त्याला मारतील असं देवेशला वाटलं. त्यांनी मारलं नाही. पर्स टेबलावर ठेवली, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले, आणि बोलायला सुरुवात केली. फटकी येवो या शापापासून आरंभ होऊन सर्वेशच्या लग्नात त्यांनी दिलेल्या पितळेच्या समईपर्यंत तो ओघ गेला. समई परत मागण्यात आली. अक्षया मालवणीच होती, पण यातले चार शब्द तिलाही नवे होते. तिनं ते मनात टिपून घेतले.

"काकी," ओघ जरा ओसरल्यावर ती म्हणाली, "चिठ्ठी बदलली. माल कुणी जाळला नाही."

"म्हणजे?"

"तुकडे मांगरातच आहेत. चिठ्ठी बदलली म्हणून माल आपोआप जात नाही. फक्त आता त्याच्याकडे बोट दाखवणारी एकही चिठ्ठी नाही. त्याला आम्ही बेवारस म्हणतो."

"बेवारस?" आनंदीबाईंचा आवाज चढला. "बायल समोर उभी आसा, झील बाजूक आसा, आणि बेवारस?"

"रोजची नक्कल निघते मां?" देवेशनं विचारलं. कारखान्यात त्यानं हे ऐकलं होतं. "जुन्या नकलेतसून घेवया."

"नक्कल फक्त फडताळाची निघते. मांगर जड, म्हणून वगळायचा असं ठरलंय." अक्षयानं तारीख बघितली, मग घड्याळ बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "आज शुक्रवार."

"शुक्रवार आसा तर काय?"

"मांगर भरलाय. नव्या गोष्टींना जागा नाही. म्हणून साहेबांनी आदेश काढलाय. बेवारस वस्तूंची विल्हेवाट. आज पहिल्यांदाच. चार वाजता झाडणारा प्रोग्रॅम आपोआप सुरू होणार, ज्याच्या नावाची चिठ्ठी नाही ते सगळं पुसणार."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मगे शोध मां लवकर!"

"बेवारस तीनशे सोळा आहेत. नाव कुणालाच नाही, नुसते नंबर. आकारावरून थोडे निवडता येतील, पण एकेक ऐकून बघावं लागेल, आणि झाडणं पुढे ढकलायला साहेबांची परवानगी लागेल."

संचालकसाहेब आत होते. खिडकी बंद करून, एसी लावून, 'वारसा: एक चिंतन' या विषयावर चिंतन करत होते. दार न ठोठावता चार माणसं आत आलेली पाहून त्यांनी चष्मा काढला.

अक्षयानं थोडक्यात सांगितलं. साहेबांनी ते शांतपणे ऐकलं. तेही मूळचे मालवणकडचेच, पण खुर्चीत बसल्यावर ते प्रमाण मराठी बोलत.

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. परंतु आदेश निघालेला आहे. वस्तू बेवारस आहे, असं प्रणालीच म्हणते. तुम्ही तुमचा हक्क सिद्ध करणारा अर्ज करा. सोमवारी विचार करू."

"सोमवारी मेल्याक औषध देतल्यात काय? चार वाजता पुसतल्यात मां?"

"जागेचा प्रश्न आहे. जागा मर्यादित आहे."

"साहेब," अक्षया नम्रपणे म्हणाली, "मांगरातली सगळ्यात मोठी वस्तू बेवारस नाही. तिला चिठ्ठी आहे. लोकवास्तुकला या विभागात, कुडाळच्या एका बंगल्याची वास्तुशांत. सहा तासांची. ती तात्पुरती हलवली, तरी आठवड्याची जागा होईल."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. "ती वास्तुशांत संदर्भमूल्य असलेली आहे."

"कोणाची वास्तुशांत?" आनंदीबाईंनी विचारलं.

भिंतीवर साहेबांचा सपत्नीक फोटो होता, मागे नवा बंगला आणि तोरण. आनंदीबाईंनी फोटो बघितला. त्यांना आता रागही येईना. रागाच्या पलीकडे एक थंड जागा असते, तिथे त्या पोचल्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. साहेबांच्या टेबलासमोर सरळ उभ्या राहिल्या, हात जोडले आणि डोळे मिटले. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची पद्धत तारकोंडात नाही. पण हे तारकोंड नव्हतं, आणि शब्द जुने नव्हते. सूर मात्र चाळीस वर्षं देवळाच्या मागच्या खांबाआडून ऐकलेला होता.

"बा देवा म्हाराजाऽऽ! आज ह्या केंद्राच्या चतुर्सीमेत ही तुझी लेकरां उभी आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वेशच्या तोंडून सुटलं. दारात जमलेल्या शिपायानंही हात जोडले.

"तुझ्याच कौलान, तुझ्याच हुकमान, बाबली गावकरान आपलो आवाज हय आणून ठेवलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बाहेरच्या दोन टेबलांवरूनही उत्तर आलं.

"तेचे तीन लाख तुकडे करून ह्येनी मांगरात टाकले, चिठ्ठी फाडली, आणि वयर तेका बेवारस म्हटला, म्हाराजा! ज्येनी चिठ्ठी बदलली तेका तू बघून घी. ज्येनी आपल्या घराची वास्तुशांत सरकारी मांगरात भरली, तेकाव बघून घी. तेच्या वास्तूक शांती नको दिव!"

"व्हय म्हाराजा!" यात शिपायाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

संचालकसाहेबांची पाठ खुर्चीत आपोआप ताठ झाली होती. लहानपणी आजोबांच्या बोटाला धरून ते अशाच एका देवळासमोर उभे राहिले होते. त्यांचे हात टेबलाखाली कधी जोडले गेले, ते त्यांनाही कळलं नाही.

"आणि आज चार वाजता जी झाडू फिरतली," आनंदीबाईंचा सूर आता छताला लागला, "ती फिरवणाऱ्याक सुबुद्धी दी, आणि ती झाडू आठ दिवस हयच उभी कर, म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. संचालकसाहेबही म्हणाले. सगळ्यात खणखणीत तेच म्हणाले.

मग अक्षया हळूच म्हणाली, "साहेब, तुम्ही होय म्हणालात."

"मी? मी काही..."

"पाच साक्षीदार आहेत. थांबवते मी." आणि ती पळाली.

साहेबांनी सर्वेशकडे बघितलं. सर्वेशनं खांदे उडवले. "सवय, साहेब."

झाडू पावणेचार वाजता थांबली. पडद्यावर "खात्री आहे का?" असा प्रश्न तीनदा आला आणि तिन्ही वेळा अक्षयानं वाचून होय दाबलं. साडेचारपर्यंत तीनशे सोळा बेवारसांतून त्या आकाराचे अकरा निघाले. सगळं आणायची गरज नव्हती. प्रत्येकाचे पहिले काही तुकडे उघडून दहा सेकंद ऐकायचे. पहिल्यात पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ होता. दुसऱ्यात कुणाचं तरी भजन. तिसऱ्यात एक मुलाखत, तिच्यात फक्त मुलाखत घेणारा बोलत होता. पाचव्यात नुसता समुद्र. आनंदीबाई प्रत्येक वेळी पुढे वाकत आणि "ह्यो नाय" म्हणून मागे होत, आणि दर "ह्यो नाय"ला सर्वेश थोडा आणखी बारीक होई.

नवव्याला खाकरण्याचा आवाज आला.

"ह्यो," आनंदीबाई म्हणाल्या. अजून एक शब्द झाला नव्हता.

"बा देवा म्हाराजाऽऽ!" बाबली गावकर म्हणाले. फणसाची सावली, धुतलेला सदरा, हात जोडलेले.

अक्षयानं आधी नवी चिठ्ठी लिहून फडताळात ठेवली. मग सगळे ऐकत बसले. देवेश ओठ हलवत होता: सात देवस्थानं, चौदा देवचार, पूर्वेची सीम, पश्चिमेची सीम. वरची वाडी चौथी आली, एकदाच. संचालकसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि कुणी बसायला सांगितलं नाही म्हणून उभेच राहिले. आनंदीबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या दिवशी तव्याच्या आवाजानं जे बुडवलं होतं, ते त्या डोळे मिटून पहिल्यांदाच ऐकत होत्या. पण भुवया अजून आवळलेल्याच होत्या. एवढं होतं तर पोराला शिकवायला काय झालं होतं, हा राग काही नव्या चिठ्ठीनं गेलेला नव्हता.

अडतिसाव्या मिनिटाला तो क्षण आला. बाबलींचा आवाज कापला. खांदे थरथरले, मान एका बाजूला गेली, आणि शब्द असे हलत हलत बाहेर आले, की खोलीतल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. सर्वेशनं डोळे पुसले. देवेशनं दोन महिन्यांच्या सरावाचा खांदा नकळत हलवून बघितला. संचालकसाहेब पुटपुटले, "साक्षात."

"...राखणदारी कर, म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" खळ्यातली वाडी म्हणाली. केंद्रही म्हणालं.

एकेचाळीस मिनिटं संपली. वर सोळा सेकंद उरले होते. पडद्यावर लोक पांगू लागले, कुणी कॅमेऱ्याच्या वायरला अडखळलं, आतून घावण्याचा चर्र आवाज आला. बाबली स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले आणि देवाला घातली होती त्याहून मोठी साद घातली:

"आनंदी! गो आनंदी! सदऱ्यात डोंगळो गेलो हा, मगासपासून चावता हा. तेवडो काढ बघया."